जुनी खिडकी बदलताना

घर बांधावयास काढले म्हणजे पाया, भिंती आणि छप्पर यांची चर्चा घरातील सर्व मंडळी करतात. खिडक्यांचा विषय मात्र बहुधा गवंडी आणि सुतार यांच्यावर सोपविला जातो. पुढे तीस-चाळीस वर्षांनी लाकडी चौकटीला वाळवी लागते, लोखंडी झडप गंजून बिजागरीतून निखळते, पावसाची झड आत येऊ लागते आणि मग खिडकी बदलण्याचा प्रश्न उभा राहतो. त्याही वेळी विचार होतो तो प्रामुख्याने दोन गोष्टींचा : खिडकी कशाची करावी आणि प्रत्येक चौरस फुटास दर काय पडेल.

१९७० ते १९९० या दोन दशकांत बांधलेल्या असंख्य घरांपुढे, शाळांच्या खोल्यांपुढे आणि शासकीय निवासस्थानांपुढे आज हा प्रश्न आहे. ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी यांच्या खिडक्या आता तालुक्याच्या गावीही तयार होतात. दिसावयास त्या नीटनेटक्या असतात. परंतु पुष्कळ कुटुंबांना असा अनुभव येतो की, पैसे खर्च करून नवी खिडकी बसविली आणि खोली पूर्वीपेक्षा अधिक कोंदट झाली. दोष साहित्याचा नसतो. क्रम चुकलेला असतो. खिडकी कोठे असावी, किती मोठी असावी आणि ती कशी उघडावी हे प्रश्न आधीचे होत. ती कशाची असावी, हा प्रश्न शेवटचा.

खिडकीचे काम

खिडकीला एकाच वेळी चार कामे करावी लागतात. तिने उजेड आत घ्यावयाचा असतो, वारा खेळता ठेवावयाचा असतो, ऊन आणि पाऊस अडवावयाचा असतो आणि घराचे संरक्षणही करावयाचे असते. ही कामे परस्परविरोधी आहेत. खिडकी मोठी केली की उजेड वाढतो, परंतु त्याबरोबर ऊनही वाढते. जाळी लावली की डास अडतात, पण वाराही मंदावतो. यास्तव खिडकीची निवड म्हणजे या चार गरजांचा त्या त्या खोलीपुरता घातलेला मेळ होय.

जुन्या घरांनी हा मेळ आपापल्या परीने घातला होता. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत भिंती जाड, बाहेरच्या बाजूस खिडक्या मोजक्या आणि उजेडासाठी छतात साणे असे. कोकणात उतरत्या छपराची पाखी भिंतीच्या बरीच पुढे येत आणि खिडकीवर पाऊस थेट पोचत नसे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ, अर्धपारदर्शक तावदाने बसवीत. त्यांतून उजेड येई, पण उन्हाची तिरीप बोचत नसे. छपराची जागा स्लॅबने घेतली, पाखी गेली, भिंती पातळ झाल्या. छपराने आणि भिंतीने पूर्वी केलेले बरेचसे काम आता एकट्या खिडकीवर येऊन पडले आहे.

एक साधा हिशेब

दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक खोली घेऊ. तिला तीन फूट रुंद व चार फूट उंच अशी दोन झडपांची जुनी लाकडी खिडकी आहे. चौकटीची जाडी चारही बाजूंनी तीन-तीन इंच धरली, तर आतील मोकळी जागा अडीच फूट बाय साडेतीन फूट, म्हणजे पावणेनऊ चौरस फूट उरते. दोन्ही झडपा उघडल्या की गजांची जाडी सोडल्यास ही जवळजवळ सर्व जागा वाऱ्यास मोकळी होते.

आता जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत दोन काचांची सरकती खिडकी बसविली असे समजू. नव्या चौकटीने चारही बाजूंनी दीड-दीड इंच घेतला तर सव्वादोन फूट बाय सव्वातीन फूट, म्हणजे सुमारे सव्वासात चौरस फूट जागा राहते. सरकत्या खिडकीची एक काच दुसरीच्या मागे जात असल्याने त्यातील निम्मीच उघडते. वाऱ्याची वाट पावणेनऊ चौरस फुटांवरून पावणेचार चौरस फुटांच्याही खाली येते. खिडकी नवी झाली, पण वाऱ्याच्या दृष्टीने ती निम्म्याहून लहान झाली. त्यावर डासांची जाळी लागली की उरलेला वाराही आणखी मंदावतो.

याचा अर्थ सरकती खिडकी वाईट असा नव्हे. जेथे झडप बाहेर उघडण्यास जागा नाही, उदाहरणार्थ अरुंद बोळात किंवा रहदारीच्या जिन्यावर, तेथे तीच सोयीची. मात्र तिचा आकार ठरविताना अर्धाच भाग उघडणार आहे, हे धरून चालले पाहिजे. बिजागरीवर उघडणाऱ्या झडपेचा सुमारे ९० टक्के भाग आणि दोन काचांच्या सरकत्या खिडकीचा ५० टक्के भाग उघडा धरावा, असा संकेत आहे.

आकाराचे प्रमाण

राहत्या खोलीस किती खिडकी लागते, याचे प्रमाण राष्ट्रीय बांधकाम संहितेने घालून दिले आहे. ही संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली व पुढे १९८३, २००५ आणि २०१६ या वर्षी तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. दरवाजे वगळून आणि चौकटी धरून खिडक्यांचे एकूण क्षेत्र उष्ण व कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्राच्या एक दशांश, मध्यम हवामानात एक अष्टमांश आणि उष्ण व दमट हवामानात एक षष्ठांश यांपेक्षा कमी नसावे, असे हे प्रमाण आहे. निवासी इमारतींतील ऊर्जाबचतीसाठी २०१८ साली जाहीर झालेल्या इको निवास संहितेत हाच विचार एक पाऊल पुढे गेला असून तेथे खिडकीचे केवळ क्षेत्र नव्हे, तर प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्र मोजले जाते. ही संहिता मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी असली, तरी तिच्यातील तत्त्व लहान घरासही तितकेच उपयोगी आहे.

वरील १२० चौरस फुटांच्या खोलीस या प्रमाणाने कोरड्या भागात १२, मध्यम हवामानात १५ आणि कोकणासारख्या दमट भागात २० चौरस फूट खिडकी हवी. हे क्षेत्र एकाच भिंतीत घालण्याऐवजी दोन भिंतींत विभागणे अधिक हितावह असते. वाऱ्याला आत येण्यास जशी वाट लागते तशीच बाहेर जाण्यासही लागते. समोरासमोरच्या किंवा लगतच्या दोन भिंतींत साधारण सारख्या आकाराच्या खिडक्या असल्या, तर तेवढ्याच क्षेत्रात अधिक हवा खेळते. एकच मोठी खिडकी असलेल्या खोलीत वारा दारापर्यंत येतो आणि थबकतो.

खिडकीच्या उंचीचाही असाच विचार करावा लागतो. वारा माणसाच्या अंगाला लागावयाचा असेल तर खिडकीचा तळ, खुर्चीवर बसणाऱ्यासाठी जमिनीपासून सुमारे ७५ सेंटीमीटर, खाटेवर बसणाऱ्यासाठी ६० सेंटीमीटर आणि जमिनीवर बसणाऱ्यासाठी ४० सेंटीमीटर उंचीवर असावा, असे भारतीय मानकात सुचविले आहे. आपल्याकडे जेवण, निवडणे-टिपणे आणि मुलांचा अभ्यास अद्याप पुष्कळ घरांत जमिनीवर बसूनच होतो. खिडकी मात्र सवयीने तीन फुटांवर बसविली जाते आणि वारा बसलेल्याच्या डोक्यावरून निघून जातो. तळ खाली आणला तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी गजांतील अंतर चार इंचांहून कमी ठेवावे.

दिशा आणि प्रदेश

महाराष्ट्र राज्य संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो. दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असला की उन्हाळ्यातील ऊन अडते आणि थंडीतील कोवळे ऊन आत येते. उत्तरेची खिडकी दिवसभर सौम्य उजेड देते. अभ्यासाच्या आणि शिवणकामाच्या जागेस ती उत्तम. खरी अडचण पश्चिमेची. दुपारनंतर सूर्य खाली उतरतो, तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते आणि तापलेली खोली रात्री उशिरापर्यंत निवत नाही. पश्चिमेची खिडकी लहान ठेवावी, तिला बाहेरून लाकडी पट्ट्यांची झडप, बांबूचा तट्ट्या किंवा वेल यांची सावली द्यावी. काचेच्या आत लावलेला पडदा उजेड अडवितो, परंतु उष्णता तोवर खोलीत आलेली असते. ऊन काचेच्या बाहेरच अडविले पाहिजे.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेथे दुपारी खिडकी घट्ट बंद होणे आणि रात्री ती पूर्ण उघडणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. भरीव लाकडी झडप तेथे उघड्या काचेपेक्षा अधिक उपयोगी पडते. कोकणात याच्या उलट स्थिती. तेथे दमट हवेमुळे वारा बारा महिने हवा, परंतु जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड अडविली पाहिजे. वरच्या बाजूस बिजागरी असलेली आणि खालून बाहेर ढकलावयाची झडप पावसात अर्धवट उघडी ठेवता येते व स्वतःच छज्ज्याचे काम करते. घाटमाथ्यालगतच्या गावांनाही हीच रचना सोयीची ठरते.

स्वयंपाकघराचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. गॅस आलेल्या घरांतही पाणी तापविण्यासाठी अथवा भाकरीसाठी चूल पेटतेच. धूर वर जातो. म्हणून खालच्या खिडकीबरोबरच छताच्या लगत झरोका असणे आवश्यक आहे. धुराचा सर्वाधिक त्रास चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला आणि तिच्याजवळ असलेल्या लहान मुलांना होतो. ज्या घरात एकच खिडकी बदलण्याइतकी ऐपत असेल, त्या घराने आरंभ दर्शनी खोलीपासून न करता स्वयंपाकघरापासून करावा.

दुरुस्ती की बदल ?

प्रत्येक जुनी खिडकी बदलावीच लागते असे नाही. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. अडखळला तर चौकट शाबूत आहे. जुन्या सागवानी चौकटी बहुधा शाबूत निघतात. अशा वेळी केवळ झडपा, बिजागऱ्या आणि तावदाने बदलल्याने भागते. लोखंडी खिडकीचा खालचा भाग गंजला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडता येतो. मात्र गंज पूर्ण खरवडून आणि गंजरोधक रंगाचा हात दिल्यावरच वरचा रंग द्यावा.

जुना रंग खरवडताना एक दक्षता अवश्य घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे असण्याचा संभव आहे आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक असते. रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा, नाकावर फडके बांधावे, पडलेले कपटे गोळा करून दूर टाकावेत आणि काम चालू असेपर्यंत मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

भिंतीला धक्का नको

खिडकी मोठी करावयाची किंवा नवी काढावयाची असेल तर प्रश्न केवळ खिडकीचा राहत नाही, भिंतीचा होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंतींचे दौर्बल्य सर्वांच्या ध्यानी आणून दिले. अशा भिंतीत कोपऱ्यालगत भगदाड पाडणे म्हणजे घराचा सांधा सैल करणे होय. खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर असावी. दोन खिडक्यांच्या दरम्यान भिंतीचा पुरेसा भाग राहावा. दारे आणि खिडक्या यांची एकत्रित रुंदी एकमजली घरातही भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक होऊ नये. दगडमातीच्या भिंतीत ती त्याहून बरीच कमी असावी. उघडीच्या वर काँक्रीटचे लिंटेल हवेच आणि ते दोन्ही बाजूंना भिंतीत चांगले रुतलेले असावे. जुने लिंटेल काढण्यापूर्वी वरच्या भारास टेकू द्यावा. दुमजली घरात हे काम जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय हाती घेऊ नये. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकाधारकाने इमारतीच्या बाहेरील रूपात बदल होत असल्यास संस्थेची संमती आधी घ्यावी.

साहित्याची निवड

आता साहित्याकडे वळता येईल. साग टिकाऊ, उष्णता कमी वाहणारा आणि गावच्या सुतारास दुरुस्त करता येण्याजोगा असतो. मात्र तो महाग आहे आणि त्यास ठरावीक काळाने तेलपाणी किंवा रंग द्यावा लागतो. कोकणात फणस, ऐन, किंजळ ही लाकडे खिडक्यांसाठी वापरली जातात. वाळवीचा उपद्रव असलेल्या भागात सिमेंट काँक्रीटची तयार चौकट आणि लाकडी झडपा हा स्वस्त व टिकाऊ मेळ आहे. लोखंडी खिडकी मजबूत आणि परवडणारी. पण समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजते.

ॲल्युमिनियम गंजत नाही आणि वजनाला हलके असते, परंतु ते लाकडापेक्षा शेकडो पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. त्यावरील रंगाचा थर पावडर कोटिंगचा किंवा ॲनोडायझिंगचा असावा व स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. साधे लोखंडी स्क्रू प्रथम गंजतात आणि खिडकी खिळखिळी होते. यूपीव्हीसीस वाळवी वा गंज लागत नाही आणि ते उष्णताही कमी वाहते. मात्र त्याच्या पोकळीत जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी घातली आहे किंवा नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. ती नसेल तर मोठी झडप उन्हाने वाकते. दुहेरी काचेचा उपयोग वातानुकूलित खोलीत किंवा गोंगाटाच्या रस्त्यावर होतो. जी खिडकी बहुतेक वेळ उघडीच राहणार, तिला दुहेरी काच लावणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. तोच पैसा छज्ज्यावर खर्च करावा. जेथे मुलांचा वावर आहे अशा खालच्या तावदानांना टफन्ड काच घ्यावी. ती फुटली तर तिचे धारदार सुळे न होता बारीक तुकडे होतात.

संरक्षणासाठी लोखंडी जाळी बसविताना घरातील प्रत्येक खिडकी कायमची बंद करू नये. आग लागली आणि दाराची वाट अडली, तर बाहेर पडण्यास निजण्याच्या खोलीतील निदान एका खिडकीची जाळी आतून उघडता आली पाहिजे आणि तिची किल्ली कोठे असते, हे घरातील मुलांनाही माहीत असावे.

मोजमाप आणि बसवणी

जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी व उंचीही तीन ठिकाणी मोजावी आणि त्यांतील सर्वांत लहान माप धरावे. दोन्ही कर्ण मोजून त्यांत फरक असल्यास तो लिहून ठेवावा. बसविण्यास फट राहावी म्हणून प्रत्येक बाजूस सुमारे पाच मिलिमीटर माप कमी धरतात. खिडकीच्या तळाचा उतार बाहेरच्या बाजूस असावा. छज्ज्याच्या खालच्या कडेस बारीक खाच ठेवली म्हणजे पाणी भिंतीकडे न ओघळता तेथेच तुटून खाली पडते. सरकत्या खिडकीच्या पन्हळीस बाहेरच्या बाजूने पाणी जाण्याची छिद्रे असली पाहिजेत. खिडकीतून आत येणाऱ्या पाण्याच्या बहुतेक तक्रारी साहित्याच्या नसून या तीन बारीकसारीक गोष्टींच्या असतात.

दरपत्रके निदान दोन-तीन ठिकाणांहून मागवावीत आणि ती एकाच पायावर आहेत, याची खात्री करावी. चौकटीच्या पट्टीची जाडी, काचेची जाडी, कड्या-बिजागऱ्या, डासांची जाळी, जुनी खिडकी काढणे, गिलावा आणि कर या बाबी दरात धरल्या आहेत की नाहीत, हे लेखी घ्यावे. केवळ चौरस फुटाच्या दराने स्वस्त वाटलेले काम शेवटी महाग पडते. कामास दिवाळीनंतर आरंभ करून मृग लागण्यापूर्वी ते संपवावे. सर्व खिडक्या एकदम बदलणे शक्य नसेल तर स्वयंपाकघर, त्यानंतर आजारी किंवा वृद्ध माणसाची खोली, मग मुलांच्या अभ्यासाची जागा आणि शेवटी दर्शनी खोली असा क्रम ठेवता येईल.

सार्वजनिक इमारतींची जबाबदारी

शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत कार्यालय यांच्या खिडक्यांनाही हेच नियम लागू पडतात. वर्गाच्या खिडकीची एक झडप निखळली म्हणून ती पत्रा ठोकून बंद केली जाते. पुढच्या वर्षी दुसरी बंद होते आणि हळूहळू भर दुपारी वर्गात दिवा लावावा लागतो. दिवा गेला की शेवटच्या रांगेतील मुलांना फळा दिसत नाही. ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि मुख्याध्यापक यांनी वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, प्रत्येक खोलीची मोजणी करावी : जमिनीचे क्षेत्र किती, खिडक्यांचे क्षेत्र किती आणि त्यातील प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्र किती. वरच्या वर्गातील मुले हे काम फूटपट्टी आणि वही घेऊन एका तासात करू शकतील. गणिताचा तो एक चांगला पाठही होईल. तीन आकड्यांचे हे टिपण हाती असले म्हणजे दुरुस्तीचा अंदाज नेमका होतो आणि मंजूर झालेला पैसा योग्य त्या भिंतीवर खर्च होतो.

घरकुलाच्या लाभधारकांसही असाच सल्ला वेळीच मिळाला पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर धरले आहे. एवढ्या लहान घरात एका खिडकीची जागा चुकली तर अर्धे घर अंधारात राहते. भिंत उभी राहण्यापूर्वी खडूने आखलेली खिडकी बदलण्यास काही खर्च येत नाही. भिंत उभी राहिल्यावर तीच चूक पुढील तीस वर्षे सोसावी लागते. जोत्याचे काम संपले की घरमालक, घरातील स्त्रिया आणि गवंडी यांनी सकाळी एकदा व दुपारी चार वाजता एकदा त्या जोत्यावर उभे राहून ऊन कोठून येते आणि वारा कोठून येतो, एवढे जरी पाहिले तरी खिडकीची जागा बहुतेक वेळा बरोबर ठरेल.